दुधाच्या दाताचे माप

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी परिचित आहे. चुनखडीत जे कॅल्शियम असते, तेच बालकाच्या दातालाही कठीणपणा देते. फरक इतकाच, की भट्टीतला माल टनांवर मोजला जातो आणि दात मिलिमीटरवर. व्यापारी कुटुंबांना मापाचे मोल सांगावे लागत नाही. तरीही घरातील या चिमुकल्या ऐवजाचे माप सहसा कोणी घेत नाही. दात पडला की तो कौलावर फेकला जातो आणि विषय संपतो.

वास्तविक त्या मापात पुष्कळ काही नोंदलेले असते. दुधाचे दात वीस. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांची घडण सुरू होते आणि बालक एक वर्षाचे होईपर्यंत त्यांचे माथे जवळजवळ पूर्ण होतात. पुढे मूल वाढते, दात मात्र वाढत नाही. म्हणजेच दाताचा आकार ही मातेच्या पोषणाची, बालकाच्या पहिल्या वर्षाची आणि घराण्याच्या वारशाची एकत्रित नोंद होय. ती मागाहून खोडता येत नाही.

ही नोंद किती टिकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच सापडला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकरी मृत बालकांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे या अभ्यासकांनी त्या बालकांच्या दुधाच्या दातांची रुंदी व जाडी मोजली आणि त्यांवरून त्या लोकांच्या नात्यागोत्याचा विचार मांडला. काही सुळ्यांच्या एनॅमलवर त्यांना खळगेही आढळले. शैशवातील आबाळीची ती खूण. ज्यांचे नावही उरले नाही, त्यांची हकीकत दाताने जपली.

आजच्या घरातही हे माप उपयोगाचे आहे. खालच्या जबड्यातील दुधाची दुसरी दाढ सुमारे दहा मिलिमीटर रुंद असते. तिच्या जागी येणारी कायमची उपदाढ सुमारे सातच. उरलेली जागा पुढील दात सुरळीत बसण्यास कामी येते. किडीमुळे ती दाढ अकाली काढावी लागली, तर सहाव्या वर्षी आलेली मागची दाढ पुढे सरकते आणि जागा बुजते.

एखादे आजोबा दुकानातून उठता उठता म्हणतात, “पडणारच आहे तो दात, खर्च कशाला?” सून अदबीने उत्तर देते, “बाबूजी, दात पडणार आहे, पण त्याची जागा राहायला हवी.” हिशेबाच्या दृष्टीने सुनेचेच म्हणणे रास्त आहे.

मात्र खरी गुंतवणूक याही आधीची असते. ज्या घरात गर्भवती सून सर्वांची पंगत उठल्यावर उरलेसुरले जेवते, तेथे बालकाच्या दातांची पहिली नोंदच तुटीची होण्याची भीती असते. दूध, डाळी, तीळ, नाचणी तिच्या ताटात आधी वाढली जावीत. मिलिमीटरच्या त्या हिशेबाला तेथूनच प्रारंभ होतो.