धिणोधरची उतरण

चाकरीनिमित्त आमचे चिरंजीव कच्छांत नखत्राण्यास स्थायिक झाले आणि शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतांही तेथेंच राहावयास गेलों. जवळचा धिणोधर डोंगर तेव्हांपासून आमचा सोबती झाला आहे. गेलीं नऊ वर्षें प्रत्येक माघांत आम्ही तो चढत आलों. उंची म्हणाल, तर ४०० मीटरांहून थोडी कमीच. परंतु भोंवतालच्या रुक्ष सपाटीमुळें तो पर्वतच भासतो. हा निवालेल्या ज्वालामुखीचा अवशेष असून आपल्या दख्खनचा काळा पाषाण ज्या युगांत निपजला, त्याच युगांतला तो होय, असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्यामुळें तो आम्हांस परका वाटत नाहीं.

आपल्याकडे जशा नवनाथांच्या कथा, तशी येथें धोरमनाथाची. भिक्षा नाकारणाऱ्या नगरीस त्यानें शाप दिला व ती उजाड झाली. मग पश्चात्तापानें तो तपास निघाला. पहिला डोंगर त्याच्या पापाच्या भारानें मोडला, दुसऱ्याचीही तीच गत झाली. धिणोधर मात्र तो उलट्या पावलीं चढला, आणि डोंगर टिकला. तेथें बारा वर्षें शिरावर उभें राहून त्यानें तप केलें. शेवटीं डोळे उघडले, तों त्या दृष्टीनें समोरचा समुद्र आटून रण झालें!

यंदां चिरंजीव म्हणाले, "बाबा, गुडघ्यांना झेपायचें नाहीं." आम्हीं फटकारलें, "मोटारींत बसणाऱ्यांना पायांची किंमत काय कळणार?" बिचारे गप्प राहिले, आणि पहाटे त्यांनींच आम्हांस व बारा वर्षांच्या नातवास पायथ्याच्या थान मठापाशीं पोंचविलें.

थोर आणि गुग्गुळाच्या झुडपांमधून, दर वळणावर बसत, आम्ही दुपारीं माथ्यावर पोंचलों. धोरमनाथाच्या लहानशा देवळापाशीं दशम्या सोडल्या. उत्तरेस रणाची फिकट रेघ दिसत होती. कथा ऐकून नातवानें विचारलें, "आजोबा, तो उलटा कां चढला?" आम्हीं पुष्कळ शास्त्रार्थ सांगितला, खरें सांगावयाचें, तर तो आम्हांसही पटला नाहीं.

उतरतांना रुळलेली वाट सोडून आम्हीं ओळखीच्या घमेंडीनें आडवाट धरली. घसाऱ्यावर उजवा गुडघा मुडपला आणि आम्ही मटकन खालीं बसलों. पाणी संपत आलें होतें, ऊन कललें होतें. नातवानें पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "आजोबा, डोंगराकडे तोंड करा. पाऊल कोठें ठेवायचें, तें मी खालून सांगतों." जन्मभर पोरांना धडे दिले, त्या दिवशीं पोराचा धडा मुकाट्यानें गिरवीत अर्धा डोंगर आम्ही उलट्या पावलीं उतरलों.

पायथ्याशीं अंधार पडला होता. चिरंजीव बॅटरी घेऊन उभे होते. "मी सांगत नव्हतों?" असें ते म्हणाले नाहींत, नुसता पाण्याचा तांब्या पुढें केला. तो रिता केल्यावर आम्ही म्हणालों, "तुझें ऐकावयास हवें होतें." असें त्यांस आम्ही पूर्वीं कधीं म्हटल्याचें स्मरत नाहीं. त्यांनीं मान वळविली आणि मोटारीचें दार उघडलें.

पुढच्या माघांतही धिणोधरास जाऊंच. नातू बापाबरोबर माथ्यावर जाऊन येईल. तोंवर आम्ही मठाच्या ओट्यावर बसूं.