शहाणा दिवा

दिवा विझवायचा नसतो, असे आमच्या माहेरी एक न लिहिलेले शास्त्र होते. 'दिवा विझव' असे कोणाच्या तोंडून चुकून निघाले तर आजी कानांवर हात ठेवी. दिवा मालवायचा, दिव्याला निरोप द्यायचा, फार तर दिव्याला फूल द्यायचे. हाताचा वारा घालायचा, पण तोंडाची फुंकर म्हणून मारायची नाही. तसाच तो 'पेटवायचा'ही नाही. चूल पेटते, चिता पेटते, दिवा लागतो. बोटभर ज्योतीचा केवढा हा मान! पुढे घरोघर वीज आली, आणि हा मान कमी झाला असे लोक म्हणतात. पण मला तसे वाटत नाही. वीज खंडित झाली की आपण अजूनही 'दिवे गेले' असेच म्हणतो, म्हणजे पाहुणे जातात तसे. आणि ते परत आले की आळीतली पोरे 'आले! आले!' म्हणून असा गिल्ला करतात की वाटावे, कोणी मामाच गावाहून आला.

या अशा घरात वाढलेल्या माझ्या वाट्याला म्हातारपणी शहाणे दिवे आले. बाजारात त्यांना 'स्मार्ट बल्ब' म्हणतात. भिंतीवरच्या बटणाशी त्यांचे फारसे सख्य नाही. ते फोनचे ऐकतात, तोंडी हुकूम ऐकतात आणि वेळ लावून दिली तर कोणाचेच न ऐकता आपापले लागतात.

ते कसे आले ते सांगते. कसाऱ्याला मी एकटीच राहते. आमच्या यांना जाऊन चार वर्षे झाली. मुलगा बंगळूरला असतो. 'आई, आता तू इकडे ये,' हे त्याचे पालुपद, आणि 'मला इथेच बरे वाटते,' हे माझे. घाटाखालचा पाऊस, समोरचा डोंगर, शाळेत माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची आता शाळेत जाऊ लागलेली पोरे, हे सगळे सोडून चौदाव्या मजल्यावर जाऊन मी काय करू? दोन वर्षे आमचा हा वाद चालला. शेवटी तडजोड निघाली, ती अशी की मला हलवायचे नाही. माझ्याऐवजी घरातले दिवे बदलायचे.

गेल्या मे महिन्यात तो आला आणि आम्ही दोघे लोकलने कल्याणला गेलो. दुकानदाराने काचेवर खोकी मांडली. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा शंभराच्या आत मिळतो. हा शहाणा त्याच्या पाचसहापट. मी म्हटले, "एवढे काय आहे याच्यात?" तो म्हणाला, "मावशी, याच्यात एक कोटी साठ लाख रंग आहेत." आयुष्यभर मी पाटीवर पांढऱ्या खडूने लिहिले; एवढ्या रंगांचे मी काय करणार, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चार दिवे घेतले: ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि माझी निजायची खोली. देवघराचे नाव मुलाने काढताच मी म्हटले, "तिथे निरांजन आहे. ते शहाणेच आहे."

दिवा होल्डरात बसवणे हे काम पूर्वी तिपाईवर चढण्याएवढेच होते. या दिव्यांचे तसे नाही. बसवल्यावर त्यांची घराशी ओळख करून द्यावी लागते. बटण तीन वेळा भराभर उघडझाप केले की दिवा डोळे मिचकावू लागतो. म्हणजे तो ओळख करून घ्यायला तयार झाला. मग फोन त्याला घरच्या वायफायचे नाव सांगतो, परवलीचा शब्द सांगतो. त्यातही खोड अशी की वायफायच्या दोन लहरींपैकी हा एकच ओळखतो, सावकाश पण लांबवर जाणारी. दुसरी वेगवान असली तरी ती त्याला कळत नाही. आमच्या घराच्या भिंती दगडी. मधल्या भिंतीपलीकडे लहर पोचेना, तेव्हा वायफायची पेटी माजघराच्या कोनाड्यात, पूर्वी जिथे कंदील असे तिथेच, बसवावी लागली. मला ते योग्यच वाटले. त्या कोनाड्यातून सगळ्या घराला उजेड पोचतो, हे माझ्या सासूबाईंना वायफायच्या आधी कळले होते.

मग नामकरण. फोनमध्ये खोल्यांची नावे आयती लिहिलेली होती, पण त्यांत ओटी नव्हती, माजघर नव्हते. मुलाने ती टंकून घातली. पण खरी पंचाईत पुढेच झाली. बोलून दिवा लावता यावा म्हणून त्याने एक डबी आणली होती, आणि त्या डबीला इंग्रजी येई, हिंदी येई. मराठी येत नसे. म्हणजे कसाऱ्यात, माझ्या घरात, माझ्या ओटीवरचा दिवा लावायचा तर मी 'बत्ती जलाओ' म्हणायचे! दिवा लावणे आणि जाळणे यांतला फरक ज्या आजीने शिकवला, तिच्या नातीने! मी त्या डबीला एकदाही हाक मारली नाही. ती सध्या कपाटात आहे.

पण मी काही विजेची वैरीण नाही. हे दिवे कसे चालतात हे मी मुलाकडून खोदून खोदून विचारून घेतले. लाल प्रकाश देणारा असा पहिला खडा 1962 साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केला. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तो हाती यायला पुढे तीस वर्षे लागली. ज्या तिघांनी तो दिला, त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. लगेच 2015 च्या जानेवारीत आपल्याकडे सरकारने 'उजाला' योजना काढली आणि एलईडी दिवे स्वस्तात घरोघर, पाड्यापाड्यांपर्यंत गेले. शहाण्या दिव्यात त्या खड्याजोडीला एक बारीकसा मेंदू आणि एक आकाशवाणी बसवलेली असते, एवढेच. मात्र एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. मी माजघरात बसून फोनवर बोट टेकवते, तो हुकूम आधी कुठल्या तरी दूरदेशीच्या यंत्राकडे जातो, तिथून माघारी येतो आणि मग माझ्या डोक्यावर पाच हातांवरचा दिवा लागतो. आमच्या तालुक्याला हे नवे नाही म्हणा. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे वैतरणेचे आणि भातसाचेही जाऊ लागले. आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. विजेचेही तसेच झाले. 1925 साली बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि पाचसहा वर्षांत त्या तारा घाटापर्यंत येऊन पोचल्या. पण तारांखालच्या पाड्यांवर पुढे कितीतरी वर्षे चिमणीच मिणमिणत होती. वीज डोक्यावरून जाई, घरात येत नसे.

आमचे हे त्याच लोहमार्गावर बँकरवर होते. कसारा ते इगतपुरी हा घाट 1865 पासून चालू आहे. त्याची चढण सदतीस फुटांना एक फूट. एवढ्या चढणीला गाडीचे पुढचे इंजिन पुरत नाही, म्हणून मागून ढकलायला इंजिने लावतात, ती बँकर. वर गाडी पोचवून रात्री-अपरात्री हे घरी येत. ओटीवरचा दिवा मी ठेवलेला असे. 'वळणावरून दिवा दिसला की पाय हलके होतात,' एवढेच एकदा म्हणाले होते. फार बोलणाऱ्यांतले ते नव्हते.

तर दिवे बसले, मुलगा गेला आणि पाऊस सुरू झाला. जुलैतल्या एका रात्री घाटात असा काही कोसळला की अकराच्या सुमारास दिवे गेले. पाठोपाठ फोनही मुका झाला. आम्हांला हे सवयीचे. मी कंदील लावला, थोडे वाचले आणि निजले. अडीचच्या सुमारास एकदम डोळ्यांवर दुपार आली. वीज परतली होती, आणि तिच्याबरोबर चारही दिवे, मालवलेले असतानासुद्धा, आपापले भक्क लागले होते. असा या दिव्यांचा स्वभावच असतो, पुढे तो फोनवरून बदलता येतो, हे नंतर कळले. मी उठले. आधी खोलीतला मालवला, मग स्वयंपाकघरातला, मग माजघरातला. शेवटी ओटीवर जाऊन कडी नीट आहे ना ते पाहिले आणि तिथला मालवला. अंथरुणावर येऊन टेकते तो फोन वाजला.

मुलगा रात्रपाळीवर होता. अकरा वाजता त्याच्या फोनवर चारही दिवे एकदम नाहीसे झाले. माझा फोन लागेना, शेजाऱ्यांचा लागेना. साडेतीन तास तो त्या चार नावांकडे पाहत बसला होता. म्हणाला, "आई, दिवे आलेले दिसले, पण माझा जीव काही खाली पडला नाही, ते काय, आपोआप येतात. पण मग खोलीतला गेला. मग स्वयंपाकघरातला. मग माजघरातला. ओटीवरचा थोड्या वेळानं गेला; तेव्हा म्हटलं, कडी बघत असशील. म्हणजे तू चालतेयस."

हजार किलोमीटरांवरून त्याने मला घरभर चालताना पाहिले होते, तेही दिवे मालवताना. मला काही बोलता येईना.

कोणी म्हणेल, मग यात वाईट ते काय? तेही सांगते. त्यानंतर मुलाचे लक्ष त्या दिव्यांवर जडलेच. 'आई, काल दोन वाजता स्वयंपाकघरात का उठली होतीस?' 'आज उशिरा उठलीस?' 'खोलीतला दिवा एकपर्यंत होता; डोळे दुखतील.' दोन वाजता मी उठले होते ती गूळ-शेंगदाणे खायला, आणि सत्तरी उलटलेल्या बाईने मध्यरात्री गूळ-शेंगदाणे खावे की नाही हा तिचा आणि तिच्या दातांचा प्रश्न आहे. पण मी हळूहळू अंधारात चालू लागले. दिवा लावला की कोणाला तरी कळेल म्हणून लावायचा नाही, चाचपडत माठापर्यंत जायचे. एका रात्री उंबऱ्याला ठेच लागली तेव्हा मी थांबले. ज्या दिव्यांमुळे मी सुखरूप राहावे, त्यांच्यामुळे मी अंधारात वावरत होते. मुलाची काळजी खोटी नव्हती, माझा संकोचही खोटा नव्हता. आणि हे असेच चालले तर एक दिवस मी तरी पडेन, किंवा चिडून बंगळूरला तरी जाईन.

अशा वेळी मला वडिलांची आठवण झाली. वडील रेल्वेत बत्तीवाले होते. खानदेशातल्या एका लहान स्टेशनावर. रोज दुपारनंतर ते दिवे पुसत, वात कातरत, रॉकेल भरत आणि सिग्नलच्या शिडीवर चढून एकेक दिवा जागेवर ठेवीत. दिवा साधाच, पिवळा. लाल-हिरवे रंग ते पुढच्या काचांचे. त्या दिव्याचा सगळा झोत पुढे, येणाऱ्या गाडीकडे. पण पाठीमागच्या बाजूला एक बारीक भोक असे. मी विचारले होते, "हे कशाला?" वडील म्हणाले, "केबिनवाल्यासाठी. दिवा जळतोय की नाही, हे त्याला एवढ्या लांबून कसं कळणार? त्या भोकातून त्याला टिकलीएवढा उजेड दिसतो. तेवढा पुरतो." सिग्नल पडला की ते भोक झाकले जाई, हात पुन्हा वर गेला की टिकली पुन्हा दिसे. वादळी रात्री केबिनवाला खिडकीतून तेवढी टिकली पाही आणि आपल्या कामाला लागे. दिव्याच्या पोटात वात किती उरली, काच किती काजळली, हे पाहायला तो शिडी चढून येत नसे.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरहून वायरमनला बोलावले. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, चांगले महागाचे दिवे काढताय?" मी म्हटले, "तीन काढ. ओटीवरचा राहू दे." खोलीत, स्वयंपाकघरात, माजघरात पुन्हा साधे दिवे लागले, आता तिथे माझे बटण आणि मी. मुलाला फोनवर आजोबांच्या त्या भोकाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग ओटीवरचा रोज लावशील ना?" मी म्हटले, "अरे, तो मी तुझ्या जन्माआधीपासून लावते आहे."

तेव्हापासून आमचा ठराव असा आहे. तिन्हीसांजेला देवघरात निरांजन लावून झाले की ओटीवरचा दिवा मीच हाताने लावायचा आणि निजताना मीच मालवायचा. वेळ लावून द्यायची नाही. आपोआप लागणाऱ्या दिव्यावरून घड्याळ बरे आहे एवढेच कळेल, माणूस बरे आहे हे नाही. एखाद्या संध्याकाळी तो लागला नाही, तर खुशाल शेजाऱ्यांना उठवावे, गाडी पकडून यावे. तो त्याचा हक्क. लागला तर मग मी रात्री किती वेळा उठले, काय खाल्ले, किती वेळ वाचले, हे विचारायचे नाही, तो माझा. रंग म्हणाल तर एक कोटी साठ लाखांतला एकच ठेवला आहे, समईच्या ज्योतीजवळ जाणारा.

दिवाळीत पणत्या लावीन तेव्हा त्या काही बंगळूरला दिसायच्या नाहीत. त्या समोरच्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. काळजी करणाऱ्यासाठी ओटीवर टिकलीएवढा उजेड आहे, आणि तेवढा पुरतो.