तीन डोळ्यांची विहीर

लीज्यांगमध्ये पहिल्याच संध्याकाळी मी वैतागले. चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान प्रांतातलं हे जुनं गाव, साधारण २४०० मीटर उंचीवर, उत्तरेला बर्फाने झाकलेला यूलोंग डोंगर. फोटोंत कौलारू घरं आणि गुळगुळीत दगडी गल्ल्या पाहिल्या होत्या. त्या होत्याही. पण दर चार दुकानांनंतर हातढोलकांचं एक दुकान आणि सगळीकडे तेच ते गाणं. गुलाबपाकळ्यांचं सारण भरलेली बिस्किटं पुढे करणाऱ्या मुली (गुलकंदच तो, पिठात कोंबलेला), पाण्याकाठी बार, भाड्याचे नाशी पोशाख घालून फोटो काढणारे पर्यटक. ज्यांचं हे गाव, ते नाशी लोक कुठे होते? आमच्या लॉजचा मालकसुद्धा हुनानहून आलेला. घर एका नाशी कुटुंबाचं, त्याने भाड्याने घेतलेलं. ते कुटुंब नव्या शहरात फ्लॅटमध्ये राहायला गेलेलं.

"गाव विकून टाकलंय यांनी," मी बाबांना म्हणाले.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते पायाशी वाहणाऱ्या पाटात बघत होते.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून दीड वर्षं ते कुठेही यायला तयार नव्हते. "गावभर पाट वाहतात तिथे," एवढ्यावर आले. धाप लागायची, चार पावलांवर थांबायचे, पण थांबायचे ते पाण्यापाशीच. काळ्या ड्रॅगनच्या तळ्यातून येणाऱ्या यूह नदीचे गावाच्या तोंडाशी तीन फाटे होतात आणि मग त्यांच्या गल्लोगल्ली नाल्या. बाजाराच्या चौकात त्यांनी मला अर्धा तास उभं केलं. पश्चिमेचा फाटा थोडा वर, मधला थोडा खाली. पूर्वी बाजार उठला की वरच्या फाट्याला फळी लावायची. पाणी चौकात चढायचं, फरशी धुऊन कचऱ्यासकट खालच्या फाट्यात उतरायचं. "पंप नाही, काही नाही," बाबा म्हणाले. "नुसता उतार." दीड वर्षात त्यांच्या आवाजात अशी धार मी ऐकली नव्हती.

१९९६च्या फेब्रुवारीत इथे मोठा भूकंप झाला, तीनशेवर माणसं गेली. जुन्या घरांच्या भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडे बरेच टिकले. पुढच्याच वर्षी गाव युनेस्कोच्या यादीत आलं आणि पर्यटकांचा लोंढा सुरू झाला. आम्हीही त्याच लोंढ्यातले, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका विहिरीपाशी गेलो. तिथे तिला तीन डोळ्यांची विहीर म्हणतात: उतारावर एकाखाली एक तीन कुंडं. पहिल्यात झरा, ते पाणी पिण्याचं. ओसंडून दुसऱ्यात येतं ते भाजी धुवायला, तिसऱ्यातलं कपड्यांना. वाटेत आम्ही तेलात भाजलेली, पदर सुटणारी जाड पोळी घेतली होती. तिचं नाव 'बाबा', त्यामुळे बाबांना दोन दिवस चिडवणं चालू होतं. बोटं तेलकट झाली होती. मी वाकले आणि पहिल्याच कुंडात हात बुडवले.

मागून कुणी ओरडलं. निळा अंगरखा, पाठीवर मेंढीच्या कातड्याचं पांघरूण, हातात पालेभाजीची टोपली. सत्तरीच्या असतील. शब्द कळला नाही, पण माझी आजी सोवळ्यातल्या हंड्याला कुणी हात लावला की असंच ओरडायची. पाण्यावर तेलाचे चट्टे तरंगत होते. भाड्याच्या पोशाखातली एक मुलगी थबकून माझ्याकडे बघत होती. दोन दिवस मी तिच्यासारख्यांच्याच नावाने बोटं मोडत होते.

"सॉरी" म्हणायलाही तोंड उघडेना. बाबांनी हात जोडले. त्यांना उकिडवं बसायला हल्ली जड जातं, तरी ते काठाला धरून बसले, तिथल्या डब्याने वरचं तेल काढून बाहेर ओतू लागले. तीनदा, चारदा. आजी बघत राहिल्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं, दोन पायऱ्या खाली नेलं आणि तिसऱ्या कुंडाकडे बोट दाखवलं.

मी हात धुतले. पाणी बर्फासारखं गार होतं. वरच्या अंगाला आजींनी दुसऱ्या कुंडात भाजी सोडली आणि बाबा त्यांना खुणांनी विचारू लागले, हे पाणी पुढे जातं कुठे.