केराकचा घरजावई

धर्मयुद्धांच्या इतिहासात शातियोंचा रेनाल्ड आला की लेखक मंडळी हात आखडता घेत नाहीत. लुटारू, शब्द न पाळणारा, सलादीनने ज्याला स्वतःच्या हाताने मारले तो! हे सारे खरेच. पण मला त्याचे कुतूहल वाटते ते निराळ्या कारणाने. फ्रान्सहून आलेला हा साधा सरदार दोनदा मोठ्या मुलखाचा धनी झाला, आणि दोन्ही वेळा लग्न करून. आपल्याकडे अशा माणसाला घरजावई म्हणतात, आणि म्हणताना नाक थोडे मुरडतात. तिकडे त्याला प्रिन्स म्हणत.

अँटिओकचे राज्य होते कॉन्स्टन्सचे. ती दोन वर्षांची असताना, ११३० मध्ये, तिचा बाप लढाईत पडला. ११३६ मध्ये, आठ वर्षांची असताना, पॉइतियेच्या रेमंडशी तिचे लग्न लागले. (रेमंडचे लग्न आपल्याशीच ठरले आहे, अशी समजूत तिच्या आईची करून दिली होती म्हणे!) ११४९ मध्ये रेमंड मारला गेला. पदरात चार लेकरे, सरहद्दीवर शत्रू. जेरुसलेमचा राजा तिसरा बाल्डविन तिचा मावसभाऊ; त्याने तीन स्थळे आणली. तिने तिन्ही नाकारली. बायझंटाइन सम्राटाने धाडलेलाही तिला पसंत पडला नाही. आणि ११५३ मध्ये तिने निवडला तो रेनाल्ड! टायरच्या विल्यम नावाच्या इतिहासकाराला याचे मोठे नवल वाटले. मला वाटत नाही. ज्याच्यापाशी स्वतःचे काहीच नाही, तो आपल्याला डोईजड होणार नाही, असा हिशेब तिने केला असेल. हिशेब चुकला, ही गोष्ट वेगळी. थोड्याच दिवसांत या जावयाने पैशासाठी तिथल्या वृद्ध धर्मगुरूला मारहाण करून, डोक्याला मध फासून उन्हात बसवले.

पुढे तो पकडला गेला आणि सुमारे पंधरा वर्षे अलेप्पोच्या कैदेत पडून राहिला. ११७६ मध्ये सुटला तेव्हा कॉन्स्टन्स वारली होती, गादीवर तिचा मुलगा बोहेमंड बसला होता. सातबारा बायकोच्या नावचा. बायको गेली, मुलूख गेला.

मग दुसरे लग्न. स्टेफनी दोनदा विधवा झालेली. दुसऱ्या नवऱ्याचा ११७४ मध्ये खूनच झाला होता. तिच्याबरोबर आले केराक आणि शोबक हे किल्ले, दमास्कस ते इजिप्त जाणाऱ्या तांड्यांच्या वाटेवरचे. ते तांडे लुटूनच रेनाल्डने सलादीनचा रोष ओढवून घेतला. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनची लढाई झाली आणि त्याचा शेवट झाला.

इथे बहुतेक पुस्तके रेनाल्डचे प्रकरण मिटतात. स्टेफनीचे मात्र संपलेले नव्हते. पहिल्या नवऱ्यापासूनचा तिचा मुलगा हंफ्री सलादीनच्या कैदेत होता. तिने सौदा केला: मुलगा सोडा, किल्ले घ्या. सलादीनने मुलगा पाठवला. माय-लेक केराकच्या दाराशी गेली. पण आतल्या शिबंदीने किल्ला द्यायला साफ नकार दिला. किल्ला तिच्या वाडवडिलांचा आणि हुकूमही तिचाच, तरी दार उघडले नाही. तेव्हा तिने सुटलेला मुलगा पुन्हा कैदेत पाठवला. केराक पडले ते ११८८ च्या अखेरीस, उपासमारीने. हंफ्रीला सलादीनने पुढे सोडून दिले.