चाळ उतरवली, ताल नाही

आमच्या चळवळीत नाच म्हटला की दोनच गोष्टी दिसतात. जुनी माणसं मान खाली घालतात आणि तरुण पोरं डीजेपुढे उड्या मारतात. नाच ही शिकायची गोष्ट आहे, त्यासाठी वर्षं द्यावी लागतात, हा विचार या दोघांच्या मधेच कुठेतरी राहून गेला.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले आम्ही आठ-नऊ कार्यकर्ते दर रविवारी टॅप डान्सचा सराव करतो. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या बसवायच्या आणि प्लायवूडच्या फळीवर पायांनी ताल वाजवायचा, असा हा नाच. "हे गोऱ्यांचं फॅड तुम्हाला कशाला?" असं लोक विचारतात.

फॅड गोऱ्यांचं नाहीच. 1739 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत, वाटेत इतरांना गोळा करत ते निघाले होते. बंड चिरडल्यावर 1740 च्या कायद्याने मालकांनी गुलामांच्या ढोलांवरच बंदी घातली. मग हात, पाय आणि जमीन हेच वाद्य झालं. त्यात पुढे आयरिश आणि इंग्लिश नाच मिसळले आणि टॅप घडला. 1936 साली, बाबासाहेबांचं 'जातिसंहार' इंग्रजीत छापलं गेलं त्याच वर्षी, फ्रेड अस्टेअर 'स्विंग टाइम' या चित्रपटात चेहऱ्याला काळं फासून नाचला. कला काळ्यांची आणि पडदा गोऱ्यांचा! हा हिशोब आपल्याला नवा आहे का?

शफल, फ्लॅप, बॉल-चेंज या पायऱ्या आम्ही मोबाइलवर बघून बसवल्या. काही महिन्यांत जमल्या. खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. पायरी पाठ असते, पण शरीराचं वजन वेळेवर एका पायावरून दुसऱ्या पायावर जात नाही. उजवा पाय स्पष्ट वाजतो, डावा पुटपुटतो. लय वाढवली की चार आवाजांचे तीन होतात. व्हिडिओ पाऊल दाखवतो, पण आपला आवाज कुठे गिळला गेला ते सांगत नाही. जॉन बबल्स या कृष्णवर्णीय नर्तकाने 1920 च्या दशकात टाचेचे ठोके आणून टॅपला खर्ज दिला. ती टाच आमच्याकडून पडायची, पण वाजायची नाही.

वाट नारायणगावने दाखवली. गुढीपाडव्याच्या सुमारास जिथे तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रेवाले सुपारी द्यायला येतात, तेच नारायणगाव. फडातून निवृत्त झालेल्या एका मावशींना आम्ही सरावाला बोलावलं. सोबत वस्तीतला एक हलगीवादक आला. मावशी दहा मिनिटं डोळे मिटून ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरांनो, पाय बोलतोय, पण ऐकत नाय." त्यांनी आम्हाला महिनाभर एकही नवी पायरी करू दिली नाही. निम्म्या लयीत, हलगीच्या ठोक्याला उत्तर द्यायचं आणि मधली जागा रिकामी सोडायची, एवढंच. बेसिकच्या पुढे जायचं म्हणजे नुसत्या पायऱ्या वाढवायच्या नाहीत, आपलाच आवाज ऐकायला शिकायचं, हे तेव्हा कळलं.

टॅपशी नातं सांगायचं म्हटलं की कथक पुढे केला जातो. कथक गुरू चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी जगभर एकत्र कार्यक्रम केले, ते चांगलंच झालं. पण चाळ बांधून ढोलकीशी सवाल-जवाब करणारी फडातली बाई त्या मंचापर्यंत का पोचली नाही? पाय तिचाही तेवढाच तयार होता. जात आडवी आली. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटची वर्षं विवंचनेतच सरली होती.

आता आपल्याच घरातला आक्षेप. आमच्या गटातल्या एका मुलीचं येणं तिच्या वडिलांनी बंद केलं. ते म्हणाले, "चाळ उतरवायला दोन पिढ्या गेल्या. आता तुम्ही लोखंड बांधताय?" या प्रश्नाला आम्ही हसत नाही. सुपारी, दौलतजादा, मालकाची उचल, पाटलाची नजर यांतून बाहेर पडणं हाच स्वाभिमान होता. बाबासाहेबांनी 1936 साली मुंबईत मुरळ्या-जोगतिणींना तो धंदा सोडायला सांगितलं, ते याचसाठी. पण त्याच काळात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव हाच लोकरंग घेऊन विचार पेरत होते. म्हणजे आपण गुलामी टाकली, ताल टाकला नव्हता. कुणासमोर, कुणाच्या हुकमाने आणि कशासाठी नाचायचं हे ठरवणारा जर नाचणारा स्वतः असेल, तर ती गुलामी कशी?

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. जत्रेची सुपारी घ्यायची नाही. मावशींना आणि हलगीवादकाला दर रविवारी मानधन द्यायचं, कारण फुकटात राबवून घेणं ही वतनदारीच. आणि कार्यक्रम करायचा तो जयंतीच्या मंचावर, डीजेच्या जागी.

जयंतीच्या वर्गणीतला मोठा हिस्सा डीजेला जातो. तुमच्या मंडळाने त्यातला थोडा बाजूला काढून एक फळी आणि एक शिक्षक उभा करावा, एवढंच मागणं आहे. त्या मुलीच्या वडिलांनाही आम्ही सरावाला बोलावलं आहे. त्यांनी यावं, मावशींशी बोलावं आणि मग ठरवावं. तिची फळीवरची जागा आम्ही कुणाला दिलेली नाही.

जय भीम!