ओळ पुरी होईपर्यंत

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. कथनाचा क्रम आणि निवेदकाची सत्ता हे आमचे रोजचे विषय. पायथन भाषेतील ‘ट्विस्टेड’ या लायब्ररीच्या साह्याने गप्पांचा एक छोटासा क्लायंट लिहायला घेतला, तेव्हा या विषयांकडे आम्हांला नव्याने पाहावे लागले.

साध्या प्रोग्रॅममध्ये निवेदक सर्वसत्ताधीश असतो: आधी हे, मग ते. गप्पांत तसे चालत नाही. समोरचा केव्हा बोलेल हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. त्याचीच वाट पाहत थांबावे, तर आपला कळफलक मुका होतो. म्हणून इथे क्रम लिहायचा नसतो, तयारी लिहायची असते. जोडणी झाली तर ‘कनेक्शनमेड’, ओळ आली तर ‘लाइनरिसीव्ड’, जोडणी तुटली तर ‘कनेक्शनलॉस्ट’. ही फंक्शने आपण रचायची. त्यांना बोलावणे धाडते ते ‘रिअॅक्टर’ नावाचे अखंड फिरणारे चक्र. बोलावलेल्याने काम उरकून चटकन परतावे, एवढीच अट. एक रेंगाळला की सारे खोळंबतात.

खरी गोम पुढेच आहे. जाळ्यावरून मजकूर येतो तो प्रवाहासारखा, वाक्यांच्या सीमा न पाळता. कधी अर्धी ओळ येते, कधी दीड. यार्क्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात आयआरसी ही गप्पांची व्यवस्था रचली. तिच्या १९९३ च्या नियमपत्रात एका ओळीला ५१२ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे अशा ओळीत जेमतेम १७० चिन्हे मावतात. एकटा ‘क्षि’ क, हलंत, ष आणि वेलांटी मिळून १२ बाइटांचा. आलेला तुकडा तसाच वाचला, तर अक्षर मधोमध चिरले जाऊ शकते. म्हणून ‘लाइनरिसीव्हर’ तुकडे साठवतो आणि ओळ संपल्याची खूण मिळाल्यावरच ती पुढे सोपवतो.

मराठीला हा संयम विशेष लागतो, कारण आपला नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘मला हे पटत’ एवढे पहिल्या तुकड्यात आले, तरी ‘नाही’ अजून वाटेत असू शकते. वर्गात विद्यार्थ्याचे अर्धे वाक्य स्वतःच पुरे करून देण्याची अध्यापकी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. त्या घाईत हरवतो तो नेमका हा शेवटचा शब्द; आणि मतभेद तर त्यातच असतो.