आजची ओळ

आमच्या घरात एक जुनं, जाडजूड पवित्र शास्त्र आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून केलेल्या मराठी भाषांतराची ही प्रत माझ्या पणजीची. १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या शेकडो मुली आणल्या, त्यांत ती होती. पुढे ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. आजी सांगायची, एवढं मोठं शास्त्र तुम्ही बायांनी कसं छापलं, असं कुणी विचारलं की पणजी म्हणायची, “शास्त्र कुठं, आम्ही आजची ओळ जुळवत होतो.”

घरात कुणी हातपाय गाळून बसलं की आजी हे वाक्य म्हणायची. मला त्याची गरज लागली ती २०१६ मध्ये.

ह्यांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार होता. पायांवर सूज आली, अन्नाची वासना गेली, आणि तपासणीत दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी, चार-चार तास. राहुरीहून पहाटेची एसटी धरून आम्ही नगरला जायचो. डायलिसिस सरकारी योजनेत बसलं, पण प्रवास, बाहेरची औषधं, ह्यांचा बुडालेला रोज हे सगळं माझ्या शिलाई मशीनवर आलं. पाणी मोजून प्यायचं, चहासुद्धा त्याच मापात धरायचा. उन्हाळ्यात तहानेनं कासावीस झालेल्या माणसासमोरून तांब्या उचलून न्यायचा म्हणजे काय, ते नेणाऱ्या हातालाच ठाऊक.

डायलिसिससाठी ह्यांच्या मनगटाजवळ फिस्च्युला केला होता. तो नीट चालू असला की बोटांना आतली थरथर लागते. रोज रात्री दिवा मालवण्याआधी मी तिथे बोटं ठेवायची आणि थरथर लागली की ‘प्रभू, उपकार’ एवढंच म्हणायची.

पहिल्या वर्षी मात्र माझी प्रार्थना एकच होती, ह्यांना बरं कर. मी उपास केले, रात्री जागले. तेव्हाच एका आरोग्यसभेत एका प्रचारकानं ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला सांगितलं, “तुमचा विश्वास पुरा असेल तर उद्यापासून मशीनची गरज नाही.” तो रविवार होता, दुसऱ्या दिवशी डायलिसिस. रात्रभर माझ्या मनाची ओढाताण झाली. न्यावं तर विश्वास उणा ठरतो, न न्यावं तर जीव जातो. पहाटे हे स्वतःच उठले, सदरा घातला आणि म्हणाले, “चल, गाडी चुकेल. देव काय दवाखान्यात येत नाही का?”

आम्ही गेलो. पण ‘विश्वास उणा’ हे शब्द माझ्या काळजात रुतून बसले. पुढे कित्येक महिने मला प्रार्थनाच करता येईना. मंडळीतल्या बायका बुधवारी संध्याकाळी घरी यायच्या, गीतं म्हणायच्या. मी नुसती बसून असायची. कुणी उपदेश केला नाही. जाताना एकीनं भाकरीची चवड ठेवलेली असायची, दुसरी शिलाईचे कपडे घेऊन आलेली असायची. आमच्या पाळकांनी एकदा फक्त तेरावं स्तोत्र काढून समोर ठेवलं. सहा वचनांचं स्तोत्र, आणि त्यात दावीद देवाला चार वेळा विचारतो, अजून किती काळ? म्हणजे असं विचारणाऱ्यालाही पवित्र शास्त्रात जागा होती. त्या रात्री मी पहिल्यांदा मनसोक्त रडले, आणि त्या रडण्यालाच प्रार्थना समजले.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली. एसटी बंद झाली, पण मशीन थांबवून चालणार नव्हतं. शेजारचे दूधवाले भाऊ आपणहून म्हणाले, “वहिनी, माझी गाडी नगरला जातेच.” नऊ एप्रिलचा गुरुवार मला लख्ख आठवतो. उत्तम शुक्रवारचा आदला दिवस. चर्च बंद, प्रभुभोजन नाही. रिकाम्या नगर-मनमाड रस्त्यावरून दुधाच्या कॅनांशेजारी बसून आम्ही निघालो होतो. ह्याच गुरुवारच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं, हा प्याला टळावा म्हणून पित्याजवळ तीनदा मागणं केलं होतं. तो टळला नाही. मग काय, पुत्राचा विश्वास उणा होता? चार वर्षं रुतलेला काटा त्या गाडीत निघाला. मागितलेलं मिळालं नाही म्हणजे विश्वास खोटा, असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

रमाबाईंचंही मला तेव्हा वेगळंच समजलं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी त्या भाषांतराच्या कामात होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण शास्त्र छापून निघालं ते त्यानंतर. पूर्ण झालेलं पुस्तक हातात घेणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

हे २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. आदल्या रात्री बोटांना थरथर लागली होती.

पुनरुत्थानाच्या रविवारी आमची मंडळी पहाटे स्मशानभूमीत उपासनेला जमते. त्या वर्षी मी जाणार नव्हते. पण वर्षानुवर्षांच्या सवयीनं चारला जाग आली, तशी उठले आणि गेले. ह्यांच्या कबरीची माती अजून बसली नव्हती. पूर्वेला उजाडत होतं, गीत सुरू झालं. पहिलं कडवं माझ्या घशातच राहिलं, बाकीच्यांनी म्हटलं. शेजारच्या बाईनं माझा हात धरला. दुसऱ्या कडव्याला मला आवाज फुटला.

त्या दिवसाची ओळ तेवढीच होती. ती मी जुळवली.